चित्र क्रमांक १७

नाशिकची माणसं नाशिक रोडच्या माणसांना कलेच्या बाबतीत जरा खालचं समजतात. त्यांच्याकडे गोदावरी आहे, घाट आहेत, कुसुमाग्रज होऊन गेले. आमच्याकडे काय, तर रेल्वे स्टेशन, सेंट्रल जेल आणि प्रेस. पाहुणा आमच्या स्टेशनवर उतरतो तोच मुळी रिक्षावाल्याला 'नाशिकला चला' म्हणत. आम्ही म्हणजे नाशिकचा व्हरांडा. चपला काढायची जागा.

पण मी सांगतो, छापील कलेच्या बाबतीत अख्ख्या हिंदुस्थानात आमचा हात धरणारं गाव नव्हतं. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस आली आणि १९२८ साली नोटा छापायला लागल्या. तेव्हापासून देशातल्या लोकांनी सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात जास्त प्रेमाने आणि थुंकी लावून लावून जर कुठली चित्रं हाताळली असतील, तर ती आमच्या नाशिक रोडची. शंभराच्या नोटेवर ती जी बारीक रेघांची एकात एक गुंतलेली नक्षी असते, ती कशाचं चित्र आहे? फूल आहे? कोळ्याचं जाळं आहे? कशाचंच नाही. शुद्ध अमूर्त. पण 'ह्यात मला काही कळलं नाही बुवा' म्हणून नोट परत करणारा खातेदार गेल्या बावीस वर्षांत माझ्या काउंटरवर आलेला नाही.

हे मला आता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर पुढचा प्रकार टळला असता.

तर झालं असं. आमच्या इथल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या चित्रकलेच्या सरांचं प्रदर्शन भरलं होतं. सरांचं नाव मी सांगणार नाही. ज्या चित्राविषयी लिहिणार आहे त्यावर त्यांनी स्वतः सही केलेली नाही, तेव्हा मी त्यांच्या वतीने करणं म्हणजे बॅंकेच्या भाषेत गंभीर गुन्हा आहे. एवढंच सांगतो, की जेलरोडपासून देवळाली गावापर्यंत चाळिशी-पन्नाशीच्या ज्या माणसाने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, त्याच्या हाताला कधी ना कधी सरांनी हात धरून वळण लावलंय. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. मला सगळ्यांत मिळून 'क' श्रेणी मिळाली, ती अक्षरलेखनाच्या जोरावर. माझ्या स्मरणचित्रातल्या 'बाजारातील दृश्या'त माणसांना पाय नव्हते. सर म्हणाले, "अरे, ह्यांनी भाजी घेऊन घरी जायचं कसं?"

सरांचा स्वतःचा विषय एकच. गोदावरीचा घाट. जलरंगात. शाळा सुटली की सायकल काढायची, आठ-नऊ किलोमीटर नाशिकला जायचं, रामकुंडाच्या आसपास बसायचं आणि देवळाचा कळस, पायऱ्या, पाण्यातलं प्रतिबिंब रंगवायचं. जलरंगातल्या निसर्गचित्रांची नाशिकला मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांचं नाव तर सगळ्यांना ठाऊक आहे. सर त्याच रस्त्यावरचे एक साधे वारकरी. नाशिक रोडला ज्या घरात लग्नात सरांचा 'घाट' आहेर म्हणून आलेला नाही, ते घर एक तर नवीन राहायला आलेलं आहे किंवा तिथे कोणाचं लग्न झालेलं नाही.

त्या प्रदर्शनात सोळा घाट होते. आम्ही ओळखीच्या माणसासारखे त्यांना नमस्कार करत करत पुढे जात होतो. आणि सतराव्या जागी हे.

अकरा बाय पंधरा इंचांचा कागद, म्हणजे इंपिरियल कागदाचा पाव हिस्सा. त्यावर खालून वर चढत गेलेला पिवळा, त्यात मध्येच घुसलेला निळा, डावीकडे एक करडा ढगळ भाग, आणि मधोमध एक मोठा डाग. अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी पडलं की रंग कडेला ढकलला जातो आणि फुलकोबीसारखी झालर तयार होते, तसा. असा डाग आमच्या चित्रात पडला की सर कागद फाडायला लावत. इथे त्यांनी तो स्वतः, मध्यभागी, मानाने बसवला होता. वरच्या बाजूला जवळजवळ चार बोटं कागद कोराच. उजवीकडे एक लाल ठिपका. खाली नाव नाही, 'घाट' नाही, काही नाही. नुसतं 'क्र. १७'.

हॉलमध्ये शांतता पसरली. आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "हळद सांडलीय." आमचे हेडकॅशियर म्हणाले, "महाराष्ट्राचा नकाशा आहे, फक्त विदर्भ वेगळा झालाय." एका आजोबांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं, आणि चष्म्याच्या दुकानाचा पत्ता विचारला.

आमची काही चूक नव्हती असं मला अजूनही वाटतं. नाशिक रोडच्या माणसाची दृष्टी मुक्तिधामात तयार झालेली. तिथल्या भिंतींवर रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेले कृष्णचरित्रातले आणि महाभारतातले प्रसंग आम्ही आईच्या कडेवर बसून पाहिलेत. तिथे कृष्ण कृष्णासारखा दिसतो आणि अर्जुन अर्जुनासारखा. कोणाला विचारावं लागत नाही. त्यात पुन्हा मी बॅंकेतला. फाटक्या नोटेचा आमचा नियम असा आहे (२०१८ ची दुरुस्ती धरून बोलतोय), की पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सगळ्यात मोठा अखंड तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मे, आणि चाळीसच्या खाली असेल तर नमस्कार. चित्रालाही मी नकळत हीच पट्टी लावत आलो होतो. घाट ऐंशी टक्के ओळखू आला तर पूर्ण दाद, चाळीस टक्के आला तर अर्धी. क्रमांक सतरामध्ये टक्केवारी शून्य.

तर मी काय केलं, अभिप्रायाच्या वहीत माझ्या त्या सुप्रसिद्ध 'क' श्रेणीच्या अक्षरात लिहिलं: 'चित्र क्र. १७ उलटे टांगले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.'

लोक हसले. मला हसवायला आवडतं. बॅंकेत दिवसभर कोणी हसत नाही, त्यामुळे बाहेर जिथे मिळेल तिथे मी ती वसुली करतो. संध्याकाळपर्यंत माझ्या वाक्याखाली 'वरील मताशी सहमत' असं लिहून अकरा जणांनी सह्या केल्या होत्या. त्यातली एक सही मराठीच्या निवृत्त बाईंची होती. सोळा घाटांवर मिळून अभिप्राय तीन.

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला सर पेन्शन काढायला माझ्या काउंटरवर आले. स्लिप सरकवली आणि म्हणाले, "ते तू लिहिलंस ना?"

"कुठलं, सर?"

"अक्षर ओळखलं रे मी. शिरोरेघ तुझी अजून उजवीकडे चढते."

मी म्हणालो, "सर, आपली गंमत हो."

सर काही बोलले नाहीत. पैसे मोजले, पुन्हा मोजले, खिशात घातले. दुसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी होती. "हे तुला," म्हणाले. "तुझ्याच एकट्याच्या लक्षात आलं."

मागे रांगेत लोक खोळंबले होते. मी सुरळी घेतली आणि शरमेने काळानिळा झालो. सरांनी आयुष्यात कधी कोणाला टोमणा मारला नव्हता, आणि पहिला मारला तो इतका बारीक, असं मला वाटलं. घरी आलो आणि चित्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर टाकलं. आमच्याकडे ज्या रकमेची नोंद कुठल्या खात्यात करायची हे कळत नाही, ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. तसं.

पण सस्पेन्समधली एंट्री माणसाला झोपू देत नाही. ऑडिटर येवो न येवो, ती आपली आपल्यालाच टोचत राहते. मी वाचायला लागलो. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की आमचे सर काही एकदम आकाशातून पडले नव्हते. प्रभाकर कोलते यांचं नाव सरांच्या तोंडून मी पूर्वी ऐकलं होतं. त्यांचं प्रदर्शन पाहायला सर पंचवटीने मुंबईला जाऊन आल्याचं सांगायचे, आणि आम्हाला वाटायचं, कोणी नातेवाईक असतील. हे कोलते १९४६ साली कोकणात नेरूरपारला जन्मले, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि १९७२ ते १९९४ एवढी वर्षं तिथेच शिकवत होते. म्हणजे ते चित्रकार आणि मास्तरही. चित्रं अमूर्त. पॉल क्ले त्यांचा आवडता, आणि क्लेसाहेबही मास्तरच. कोलत्यांना शिकवलं शंकर पळशीकरांनी, आणि जे.जे.तल्याच वासुदेव गायतोंड्यांनी पुढे अशी चित्रं काढली, की त्यांत ओळखू येण्याची टक्केवारी आमच्या क्रमांक सतराइतकीच, म्हणजे शून्य. त्यातलं एक २०१३ सालच्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात तेवीस कोटी सत्तर लाखांना गेलं. चित्राचं नाव? 'अनटायटल्ड'. सही नसलेला चेक पास झाल्याचं ऐकून एखाद्या कॅशियरला जे वाटेल ते मला वाटलं.

पण पैशाची गोष्ट सोडा. पैशावरून चित्र चांगलं म्हणणं हे पगारावरून जावई चांगला म्हणण्यासारखं आहे. मला धीर दिला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. पॅरिसच्या पॉंपिदू सेंटरमध्ये कांडिन्स्कीचं एक जलरंगातलं चित्र आहे. जगातलं पहिलं अमूर्त जलरंगचित्र म्हणून ते मिरवलं गेलं. त्यावर साल घातलंय १९१०. आता बरेच जाणकार म्हणतात, ते १९१३ च्या सुमाराचं असावं आणि साल नंतर मागचं टाकलं असावं. व्हाउचरवर मागची तारीख! आमच्याकडे ह्यावरून मेमो मिळतो. ह्याच कांडिन्स्कीने लिहून ठेवलंय, की एका संध्याकाळी घरात शिरल्यावर त्याला एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, कशाचं ते कळेना, जवळ जाऊन पाहतो तर त्याचंच चित्र आडवं ठेवलेलं. आणि १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातिसचं 'बोट' हे चित्र सत्तेचाळीस दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखभर लोक येऊन माना डोलावून गेले. चूक पकडली ती एका बाईंनी, आणि त्या होत्या शेअर दलाल. पैशाच्या धंद्यातल्या माणसाला उलटंसुलटं बरोबर कळतं, ह्याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नाही. हे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग ते कपाटावरचं खाली काढा. झुरळं होतील."

रविवारी काढलं.

आता चित्र हातात धरलं की पुढे काय होतं हे फक्त बॅंकेतल्या माणसालाच कळेल. बावीस वर्षांत पाचशेची नोट हातात आली की हात आपोआप उजेडाकडे जातो. वॉटरमार्क पाहिल्याशिवाय माझा मेंदू कुठल्याच कागदाला कागद मानत नाही. एकदा साडूच्या मुलाची लग्नपत्रिकासुद्धा मी अशीच उजेडात धरली होती, त्यावरून बरंच झालं. तर मी वॉटरकलर ट्यूबलाइटसमोर धरला. आणि वॉटरमार्क दिसला.

वरच्या बाजूला, त्या चार बोटं कोऱ्या भागाच्या जरा खाली, पिवळ्याच्या आत, अगदी पुसट निळसर असा एक त्रिकोण. टोक खाली. टोकाला एक बारीक रेघ, तिला चिमुकलं फडकं. त्रिकोणाच्या वर दोन-तीन आडव्या पट्ट्या. मी कागद फिरवला. खालचं वर केलं.

कळस. त्यावर ध्वज. खाली घाटाच्या पायऱ्या.

मग मी कॅश टॅली करायला बसतो तसा जमिनीवर बसलो. कागदाच्या मागे प्रदर्शनातल्या नंबराची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, वर दोऱ्याची टिकली. म्हणजे भिंतीवर ते कसं टांगलं होतं ह्याबद्दल शंका नाही. कळस डोकं खाली करून होता. चित्र खरोखरच उलटं टांगलेलं होतं.

थोडा हिशेब केला. जलरंगाची अडचण अशी, की तो पारदर्शक असतो, तैलरंगासारखं वरून थापून खालचं झाकता येत नाही. ओल्या स्पंजाने उचलता येतो, पण काही रंग कागदात इतके मुरतात की कितीही पुसा, छटा राहतेच. प्रशियन ब्ल्यू त्यातला पक्का. सरांचा घाटासाठीचा लाडका रंग, आम्हालाही कॅम्लिनच्या पेटीतला तो आधी संपायचा. आणि त्या त्रिकोणावरचा पिवळा मात्र स्वच्छ, सलग होता, कुठे खरवडलेला नाही. पुसताना पिवळा आधीपासून असता तर तोही निघाला असता. म्हणजे कळस आधी, मग पुसणं, मग पिवळा.

म्हणजे सर नेहमीसारखे घाट काढायलाच बसले होते. पुन्हा एकदा. कळस काढला, पायऱ्या सुरू केल्या. आणि काय झालं कोणास ठाऊक, स्पंज घेतला आणि जन्मभराचा घाट पुसून टाकला. तो पुरता गेला नाही, म्हणून कागद उलटा फिरवला आणि त्यावर पिवळा सोडला. कोणाला दिसू नये म्हणून. आणि ते कोणालाच दिसलं नाही. तेवढ्यात मी जाऊन वहीत लिहिलं, उलटं आहे. वर अकरा सह्या.

'तुझ्याच एकट्याच्या लक्षात आलं.' टोमणा नव्हता तो. माझ्या विनोदाचं एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं, आणि मला ते पूर्ण खोट्या कारणासाठी मिळालेलं. जास्त जमा झालेले पैसे परत करता येतात, हे कुठे भरायचं?

तेव्हापासून गेले काही महिने मी हे चित्र रोज पाहतोय. समीक्षा म्हणून विचाराल तर माझं मत सांगतो. डावीकडचा करडा भाग फसलाय. तीन रंग एकावर एक येऊन मळलेत, आणि सरांनी स्वतः आम्हाला शिकवलं होतं की दोन झाले की हात उचला. त्यांचाच उचलला गेला नाही. लाल ठिपका मला आवडत नाही. तो चित्राला लागत नव्हता, पाहणाऱ्याला धीर द्यायला दिलाय. पण मधला तो फुलकोबीचा डाग भारी आहे. पाणी जिथपर्यंत गेलं तिथपर्यंत सरांनी ते जाऊ दिलं, ब्रश मागे घेऊन बसून राहिले. तीस वर्षं मुलांच्या कागदावरचे डाग फाडायला लावणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल! आणि तो वरचा कोरा भाग. घाटाच्या चित्रांत सरांनी इंचभर कागद कधी रिकामा सोडला नाही. आकाशात काही नसलं तर दोन बगळे यायचेच. इथे बगळे आले नाहीत. मला त्या चार बोटं पांढऱ्याकडे पाहताना दर वेळी वाटतं, आता येणार. येत नाहीत.

घाट म्हणून पाहिलं तर सरांच्या सोळा घाटांच्या पासंगाला हे लागणार नाही. पण त्या सोळांपैकी मला आता एकही आठवत नाही.

फ्रेम करायला बिटको चौकाच्या पुढे आमच्या नेहमीच्या दुकानात दिलं. दुकानदाराने कागद चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "साहेब, हुक कुठल्या बाजूला?" मी क्षणभर थांबलो. मॉंद्रियानच्या एका चित्राबद्दल २०२२ साली जर्मनीत असंच निघालं होतं, की ते पाऊणशे वर्षं उलटं टांगलंय. म्युझियमने ठरवलं, राहू दे उलटंच, आता सुलटं करायला गेलो तर त्याच्या पट्ट्या सुटतील. मी म्हटलं, "चिठ्ठी आहे ना मागे, ती वाचता येईल अशा बाजूने."

दिवाणखान्यात लावलं. शेजारीच लग्नात आलेला सरांचा 'घाट' आहे. येणारेजाणारे घाटाला चांगलं म्हणतात आणि ह्याच्याविषयी 'हे काय?' विचारतात. सौभाग्यवती आता हळद म्हणत नाहीत. "ते सरांचं आहे," एवढंच सांगतात.

गेल्या रविवारी सरांना चहाला बोलावलं. यायच्या आधी तासभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. सर, मला काही कळलं नव्हतं. सर, मी नुसता हसवायला लिहिलं होतं. एकही पुरं होईना. सर आले, चपला काढल्या, खुर्चीत बसायच्या आधीच त्यांना ते दिसलं. जवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवून नाक काचेला लागेपर्यंत पाहिलं. वरच्या बाजूला, बरोबर तिथे. मी श्वास रोखून उभा. आत कपबश्या वाजत होत्या.

मग सरांनी फ्रेमचा खालचा कोपरा बोटाने हळूच, सुतभर, उजवीकडे सरकवला.

"तिरकं होतं जरा," म्हणाले आणि खुर्चीत बसले. "माझ्या चहात साखर नको हं, वहिनींना सांग."